दुखणं रिपोर्टात दिसत नाही तेव्हा

मृद्गंध

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मला फायब्रोमायल्जिया आहे, आणि हे नाव कळायलाच काही वर्षं गेली. मान, खांदे, कंबर, मांड्या, तळपाय, कुठे ना कुठे सतत ठणकत असतं. रात्रभर झोपून उठलं तरी अंग कुटून काढल्यासारखं वाटतं. रक्ताच्या तपासण्या, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, संधिवातासाठीचा आरए फॅक्टर, मणक्याचा एमआरआय, सगळं झालं. रिपोर्ट चांगले आले की सासूबाई देवापुढे साखर ठेवायच्या. डॉक्टरांचा मात्र माझ्यातला रस तिथेच संपायचा. "तुम्हाला काही झालेलं नाही," असं म्हणून ते पुढच्या पेशंटची बेल वाजवायचे.

औषधांची नावं विचारायला हा धागा नाही. मला बोलायचंय ते वागणुकीबद्दल. हाडांच्या डॉक्टरांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी संधिवाताच्या, त्यांनी मानसोपचाराच्या. प्रत्येकाने आपापल्या अवयवापुरतं पाहिलं आणि आपलं काही नाही म्हटल्यावर पुढची चिठ्ठी दिली. "हे दुखणं काय आहे ते मी बघतो, तुम्ही माझ्याकडे येत राहा," असं कुणीच म्हणालं नाही. एका ठिकाणी डॉक्टरांनी मला न विचारता मिस्टरांना विचारलं, "घरी काही टेन्शन आहे का हिला?" मी समोरच्याच खुर्चीत बसले होते.

आंतरराष्ट्रीय वेदना संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्या टिपांमध्ये स्पष्ट लिहिलंय की माणसाने आपल्या वेदनेबद्दल जे सांगितलं त्याचा आदर राखला पाहिजे. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या जागतिक आजार-सूचीत तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या, दुसऱ्या कुठल्या आजाराने उलगडत नसलेल्या वेदनेला स्वतःचं नाव आणि एमजी ३०.० हा कोड आहे. म्हणजे वेदना हाच आजार असू शकतो, हे जगाने लिहून ठेवलंय. माझ्या फाइलीवर मात्र अजून "सायकोसोमॅटिक?", म्हणजे "मनामुळे होणारं?", असं प्रश्नचिन्हासकट लिहिलेलं आहे. तो कागद घेऊन मी निवडणूक ड्युटीतून सूट मागायला गेले तर समोरचा माणूस काय समजणार?

तुमचे अनुभव लिहा. इथे डॉक्टर असतील तर त्यांनीही लिहावं. मनापासून वाचेन.

कोजागिरी

मृद्गंधताई, शब्द न् शब्द पटला. माझ्या लेकीला दहावीपासून पाळीत इतकं दुखायचं की ती बाथरूमच्या फरशीवर आडवी पडायची. "लग्न झालं की कमी होईल," असं दोन स्त्री-डॉक्टरांनी सांगितलं. पुढे दुर्बिणीतून बघितलं तेव्हा एंडोमेट्रिओसिस निघाला, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढलेला; आतडं चिकटलेलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार हा आजार प्रजननाच्या वयातल्या साधारण १० टक्के स्त्रियांना असतो. इतका सर्रास आढळणारा आजार डॉक्टरांच्या डोक्यात आधी यायला हवा ना? साध्या सोनोग्राफीत तो बऱ्याचदा दिसत नाही, आणि तिथेच "सगळं नॉर्मल" म्हणून विषय बंद होतो.

गोदातीर

माझ्या आईचं सांगतो. गालात वीज चमकल्यासारखी कळ यायची. काही सेकंदांची, पण त्यात ती किंचाळायची. तोंड धुताना, घास चावताना, पंख्याचा वारा लागला तरी. दाताचं असेल म्हणून दाढ काढली. कळ थांबेना, म्हणून शेजारची काढली. मग रूट कॅनाल. शेवटी तालुक्याच्या एका जुन्या फिजिशियननी तिला तपासण्याआधी नुसतं बोलू दिलं. कळ किती वेळ टिकते, कशाने सुटते, दोन कळांच्या मधे काही दुखतं का, रात्री उठवते का. ऐकूनच ते म्हणाले, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. कार्बामाझेपिन सुरू केल्यावर काही दिवसांत आई नीट जेवायला लागली. एमआरआय नंतर केला, नसेवर रक्तवाहिनी दाबते आहे का आणि दुसरं काही नाही ना हे पाहण्यासाठी. म्हातारपणी या गोळीने रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून तेही अधूनमधून तपासतो.

या आजाराचं निदान मुळात रुग्णाच्या वर्णनावरूनच होतं. आईने तेच वर्णन पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सांगितलं होतं.

स्पष्टवक्ता

थोडी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नये. माझा भाऊ सरकारी रुग्णालयात आहे. सकाळच्या ओपीडीत त्याच्यासमोर शंभराच्या वर माणसं असतात. त्यात रजेच्या सर्टिफिकेटसाठी कंबर धरून येणारेही असतात, बदली टाळायला येणारेही. त्याने कुणावर किती विश्वास ठेवायचा? शिवाय कितीतरी दुखणी बैठ्या कामाने, वाढलेल्या वजनाने, काळजीने होतात. चालणं, योगासनं, वेळेवर झोप यांनी खरोखर फरक पडतो. डॉक्टरने "मनावर घेऊ नका" म्हटलं तर तो प्रत्येक वेळी अपमान नसतो.

शाल्मली

मी भूलतज्ज्ञ आहे आणि आमच्या रुग्णालयात वेदना चिकित्सेची ओपीडी चालवते. जरा सविस्तर लिहिते.

स्पष्टवक्ता, गर्दीबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे. २०१७ साली ६७ देशांतल्या अभ्यासांचा एक आढावा आला होता. त्यात भारतात डॉक्टर एका रुग्णाला देतो तो वेळ सरासरी जेमतेम दोन मिनिटं निघाला. दोन मिनिटांत पोटरीतला ठणका आणि पोटरीतली आग वेगळी काढता येत नाही, आणि तो फरक कळला नाही तर औषध चुकतं. वजन टाकल्यावर, वाकल्यावर वाढणारं दुखणं वेगळं. आग होते, मुंग्या येतात, करंट बसतो, अंगावरचं पातळ घासलेलंही सोसत नाही, असं असेल तर दुखणं नसांचं. त्यावर डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने खाऊन फारसा उपयोग होत नाही. जठराला आणि मूत्रपिंडाला त्रास मात्र होतो. माझ्याकडे रक्तातलं क्रिॲटिनिन, म्हणजे मूत्रपिंड थकल्याची खूण, वाढवून आलेली माणसं येतात. त्यांना गोळ्या कुणी दिल्या विचारलं तर मेडिकलवाल्याने, नाहीतर गुडघेदुखीच्या पुड्या देणाऱ्या वैदूने. तशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. माणूस तिकडे जातो कारण तिथे त्याचं ऐकून घेतात.

ढोंगाचा मुद्दा मात्र मला अजिबात मान्य नाही. रिपोर्ट नॉर्मल म्हणून दुखणं खोटं, हा निष्कर्ष वैद्यकशास्त्राला धरूनच नाही. ज्यांची कंबर दुखत नव्हती अशा लोकांच्या मणक्याच्या एमआरआय, सीटीचा आढावा २०१५ मध्ये छापून आला. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यातल्या गाद्यांची झीज त्यात दिसली. फिल्मवर बिघाड आहे आणि दुखत नाही, असं इतक्या लोकांच्या बाबतीत होतं. मग दुखतंय आणि फिल्मवर काही नाही, याचं आश्चर्य का वाटावं? गादी सरकलेली दिसली की ऑपरेशन आणि नाही दिसली की "मानसिक", ही दोन्ही टोकं चित्रावर माणसापेक्षा जास्त भरवसा ठेवल्यामुळे येतात.

इजा नसताना दुखतं कसं, हे रुग्ण मला रोज विचारतात. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना वाट देणारी किंवा अडवणारी यंत्रणा आहे. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवलं की सतत मार खाल्लेल्या मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच अतिसंवेदनशील होतात. गावात एकदा दरोडा पडला की पुढे पान हललं तरी कुत्री रात्रभर भुंकत राहतात, तसं. भुंकणं खरं असतं, ऐकणाऱ्याची झोपही खरोखर उडते. दारात चोर सापडला नाही एवढंच.

आता "मनावर घेऊ नका"बद्दल. मन, झोप, काळजी यांचा वेदनेशी संबंध आहेच, कारण वेदनेचा आवाज कमीजास्त करणारे मेंदूतले मार्ग तेच आहेत. फायब्रोमायल्जियात अमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलोक्सेटिन ही मुळात नैराश्यावरची औषधं देतात ते याच मार्गांवर काम करण्यासाठी. वेदनेसाठी अमिट्रिप्टिलीनची सुरुवात १० मिलिग्रॅमसारख्या छोट्या डोसने होते, नैराश्याच्या डोसपेक्षा कितीतरी कमी. हे समजावायला पाच मिनिटं लागतात. ती दिली नाहीत तर काय होतं? मेडिकलच्या काउंटरवरचा पोरगा सांगतो, "ही डोक्याची गोळी आहे," आणि बाई घरी जाऊन पाकीट कपाटात टाकून देते. पुढच्या वेळी डॉक्टर लिहितो, "पेशंट सहकार्य करत नाही."

व्यायामाचं तुमचं बरोबर आहे, पण तो सांगायचीही रीत असते. असा रुग्ण पहिल्याच दिवशी अर्धा तास चालला तर पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात आणि व्यायामावरचा विश्वास उडतो. सुरुवात अगदी थोड्याने करायची, बरं वाटलं त्या दिवशीही ठरलेल्यापेक्षा जास्त करायचं नाही, आणि आठवड्या-आठवड्याने वाढवायचं. चांगला फिजिओथेरपिस्ट हे शिकवतो. "चालत जा" एवढंच सांगितलं तर तो उपचार झाला नाही.

वैद्यकीय शिक्षणाबद्दलही सांगायला हवं. मी शिकले तेव्हा वेदना हे दुसऱ्या कशाचं तरी लक्षण म्हणून शिकवलं गेलं. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात भूलशास्त्राच्या भागात वेदना आणि तिचे उपचार असा स्वतंत्र विषय आहे. त्या मुलांना ओपीडीत श्वास घ्यायला वेळ मिळाला तर फरक दिसेल.

वैनगंगा

डॉक्टरताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून धीर आला म्हणून लिहितोय. मी गडचिरोली जिल्ह्यातला. माझ्या धाकट्या भावाला सिकल सेल आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला. आमच्याकडे, नंदुरबारकडे, सगळ्या आदिवासी पट्ट्यात हा आजार घराघरात ठाऊक आहे. लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, छातीत, पाठीत अशी कळ उठते की धडधाकट पोरगा गुरासारखा ओरडतो. थंडी पडली, पाणी कमी प्यायलं, ताप आला, रोवणीत जास्त खपला की क्रायसिस, म्हणजे कळेचा झटका, ठरलेला.

क्रायसिस आला हे सिद्ध करणारी कुठलीही तपासणी नाही. नाडी, बीपी बऱ्यापैकी असू शकतं. हिमोग्लोबिन त्याचं नेहमीच कमी असतं. मग रात्री मोठ्या दवाखान्यात पोचलो की ड्युटीवरचा नवा डॉक्टर म्हणतो, "हा मागच्या महिन्यातही आला होता इंजेक्शन मागायला." भावाला कुठलं इंजेक्शन लागू पडतं हे ठाऊक आहे, आणि ते नाव त्याने घेतलं की तो नशेडी ठरतो. एकदा तर सिस्टरनी सांगितलं, मोबाइल बघतोय म्हणजे दुखत नसणार. लहानपणापासून ज्याला दुखतं तो कळ सोसताना मोबाइलही बघतो, गप्पाही मारतो. दुसरं करणार काय?

अमेरिकेतल्या रक्तविकार तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात लिहिलंय की असा रुग्ण आल्यापासून तासाभरात वेदनाशामक मिळायला हवं आणि दर ३० ते ६० मिनिटांनी पुन्हा बघायला हवं. आमच्याकडे तो तास आधी केसपेपरच्या रांगेत जातो.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकल सेल आला. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय मिशन सुरू झालं, गावोगावी तपासणी झाली, कार्डं वाटली. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने भावाचे क्रायसिस कमी झालेत. पण मिशनचं सगळं बोलणं पुढच्या पिढीत आजार येऊ नये याबद्दल चालतं. जो आज जिवंत आहे आणि आज रात्री तळमळतोय त्याच्या कळेबद्दल फार कमी बोललं जातं.

मॉर्फिन आमच्या भागात का मिळत नाही, हे डॉक्टरताईंनी सांगावं.

शाल्मली

वैनगंगा, तुमच्या भावाच्या बाबतीत जे होतं ते चूक आहे, आणि ते मी डॉक्टर म्हणून म्हणते आहे.

मॉर्फिन अफूपासून बनतं, त्याचं थोडक्यात सांगते. आपल्या देशात अफूची कायदेशीर शेती होते. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. पण १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यानंतर एका रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे अनेक परवाने लागायचे आणि एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हातात पडायचा नाही. कागदातल्या छोट्या चुकीलाही तुरुंगाची भीती. रुग्णालयांनी औषध ठेवणंच सोडलं. केरळातले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांची पॅलियम इंडिया ही संस्था यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन अशी सहा औषधं "अत्यावश्यक" ठरली आणि मान्यताप्राप्त संस्थेला एकाच यंत्रणेची परवानगी पुरेशी झाली.

म्हणजे कायद्याची अडचण बरीचशी दूर झाली आहे. तुमच्या जिल्ह्याच्या रुग्णालयाने ती मान्यता घेतली आहे का, एवढं माहितीच्या अधिकारात विचारा. तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी महाग नसते. हेही सांगते की मॉर्फिन सगळ्या दुखण्यांवरचं औषध नाही. मृद्गंध यांच्या आजारात ते देऊ नये. कॅन्सर, सिकल सेलचा तीव्र क्रायसिस, मोठी इजा, इथे ते नाकारणं मला क्रूर वाटतं.

हडसनकाठ

न्यू जर्सीतून लिहितोय. इथे सगळं उलट्या बाजूने घडलं. नव्वदच्या दशकापासून कंपन्यांनी ओपिऑइडचा, म्हणजे मॉर्फिनच्या जातीच्या वेदनाशामकांचा, भडिमार केला, लाखो माणसं व्यसनात अडकली आणि मेली. मग २०१६ मध्ये सीडीसी या इथल्या सरकारी आरोग्य संस्थेने मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात दिवसाला ९० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या बरोबरीचा डोस शक्यतो टाळा असं होतं. ती सूचना होती, पण विमा कंपन्या, औषधाची दुकानं आणि कित्येक राज्यांनी ती कायद्यासारखी वापरली. वर्षानुवर्षं ठरावीक डोसवर नीट नोकरी करणाऱ्या लोकांचं औषध झपाट्याने कमी केलं गेलं. २०१९ मध्ये एफडीएला, म्हणजे इथल्या औषध नियामक संस्थेला, जाहीर इशारा द्यावा लागला की औषध एकदम बंद केल्याने रुग्णांना गंभीर त्रास होतोय, आत्महत्याही होत आहेत. २०२२ मध्ये सीडीसीने तत्त्वं सुधारून लिहिली.

मिसेसच्या पाठीचं ऑपरेशन बिघडलं तेव्हापासून आम्ही यातून जातोय. ठरलेल्या मुदतीने लघवीची तपासणी, गोळ्या मोजून दाखवणं, करारावर सही. दुसऱ्या गावात औषध घ्यायला गेलं तर फार्मासिस्ट आधी कॉम्प्युटरमध्ये तिचा इतिहास बघतो, मग तिच्याकडे. वैनगंगा, तुमच्याकडे औषध पोचलंच नाही आणि इकडे आधी नको तितकं वाटलं. संशय मात्र दोन्हीकडे आजारी माणसावरच घेतला जातो.

स्पष्टवक्ता

शाल्मली, वैनगंगा, दोघांचं वाचलं. एमआरआयचे आकडे भावाला पाठवले. तो म्हणाला, मला हे ठाऊक आहे, पण फिल्म न बघता पाठवलं तर पेशंटच भांडतो. यावर काय करायचं?

शाल्मली

त्याचं बरोबर आहे. फिल्म मागणारा रुग्णही आपणच घडवलाय, कारण तिच्याशिवाय कुणी त्याचं खरं मानत नाही. माझ्याकडे मी आधी सांगते की मला तुमचं दुखणं पटलंय, तपासणी ते खरं आहे का हे ठरवायला नाही. त्यानंतर बरेच जण फिल्मचा आग्रह सोडतात.

खडीसाखर

मी विम्याच्या क्लेमचं काम करते. पैशाची बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. बहुतेक आरोग्य विमा भरती झाल्यावर चालतो. ओपीडी, रोजच्या गोळ्या, फिजिओथेरपी, समुपदेशन यांचे पैसे सहसा मिळत नाहीत. महात्मा फुले जनआरोग्य योजनाही शस्त्रक्रिया आणि भरती होऊन घ्यायच्या उपचारांभोवतीच आखलेली आहे. डे-केअरमध्ये, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडण्याच्या उपचारांत, बसत असेल तर मणक्यातलं इंजेक्शन मंजूर होतं. सहा महिन्यांची फिजिओथेरपी, जिचा कदाचित जास्त उपयोग होईल, ती खिशातून. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये मूळ कारण न सापडणाऱ्या दीर्घ वेदनेसाठी पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या, ओपिऑइड नव्याने सुरू करू नका आणि व्यायाम, मानसोपचार यांवर भर द्या असं सांगितलं. आपल्याकडे नेमक्या त्याच गोष्टींना बहुतेक पॉलिसी हात लावत नाहीत. रुग्णाला प्रोसिजरकडे ढकललं जातं ते नेहमी डॉक्टरच्या लोभाने नाही. पैसे तिथेच मिळतात म्हणूनही.

मृद्गंध

सगळ्यांचे आभार. स्पष्टवक्ता, तुमच्या भावाला शंभर माणसं बघावी लागतात हा अन्याय त्याच्यावरही आहे, हे मला मान्य आहे. पण रजेसाठी येणारे दहा जण पकडायचे म्हणून नव्वद जणांना खोटं धरायचं, याची किंमत नव्वद जण मोजतात. वर्गात मूल पोट दुखतंय म्हणालं की मी आधी त्याला बसवते, पाणी देते, घरी कळवते. एखादं मूल गृहपाठ टाळायला सांगत असेलही. तरी आधी खरंच धरायचं, हे मी कुठल्या प्रशिक्षणात शिकले नाही.

शाल्मलीताई, एक अगदी कामाचा प्रश्न. दोनच मिनिटं मिळणार असतील तर त्यात आम्ही काय सांगायचं? आणि वैनगंगा यांच्या भावासारख्या रुग्णाने रात्री कुठला कागद दाखवायचा?

शाल्मली

"खूप दुखतं" याने डॉक्टरच्या हाती काही लागत नाही. काय करता येत नाही ते आधी सांगा: फळ्यावर हात वर धरून लिहिता येत नाही, जिना उतरताना थांबावं लागतं, रात्री दोनदा जाग येते. मग दुखण्याची जात: आग, ठणका, करंट, आखडणं. सकाळी आखडून हालचालीने मोकळं होत असेल तर ते आवर्जून सांगा. तरुण माणसाच्या कमरेचा वेगळा संधिवात त्यावरूनच सापडतो. आजवर घेतलेल्या गोळ्या डोससकट एका कागदावर, आणि कशाने त्रास झाला तेही. जमलं तर सोबत एक माणूस न्या, पण बोला तुम्हीच. आणि फाइलीवरचं ते प्रश्नचिन्ह तसंच ठेवू नका. ज्यांनी निदान केलं त्यांच्याकडून आजाराचं नाव, एमजी ३०.० कोड आणि कामावरच्या मर्यादा, किती वेळ उभं राहता येतं, किती वजन उचलता येतं, असं लिहून घ्या. फायब्रोमायल्जिया कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांच्या यादीत नावाने नाही, त्यामुळे ड्युटीच्या सवलतीसाठी तुम्हाला नुसत्या निदानापेक्षा मर्यादांचं पत्रच जास्त उपयोगी पडेल.

वैनगंगा, भाऊ बरा असताना, ओपीडीच्या दिवशी, नेहमीच्या फिजिशियनकडून एक पान लिहून घ्या: निदान, नेहमीचं हिमोग्लोबिन, क्रायसिसमध्ये कुठलं वेदनाशामक किती डोसने लागू पडतं, कशाची अ‍ॅलर्जी, कधी आयसीयूची गरज, खाली सही-शिक्का आणि फोन नंबर. लॅमिनेट करून एक प्रत त्याच्या पाकिटात, एक तुमच्या मोबाइलमध्ये. इंजेक्शनचं नाव मग त्याला तोंडाने घ्यावं लागणार नाही. ताप, छातीत दुखणं किंवा दम लागणं यांपैकी काहीही असेल तर केसपेपरच्या रांगेत थांबू नका, थेट कॅज्युअल्टीत शिरा आणि "सिकल सेल, छातीत दुखतंय" हे मोठ्याने सांगा.

वैनगंगा

पुढच्या सोमवारी ओपीडी आहे. पान लिहून घेतो. नमुना कुणाकडे मराठीत असेल तर इथे टाका. आमच्या गावात अजून काही घरांना लागेल.